‘ठुशी’ नावाचं फोल्डर

माणसं दोन प्रकारची असतात. एक, ज्यांना वाटतं की ‘काढून टाका’ हे बटण दाबलं की सॉफ्टवेअर निघून गेलं. आणि दुसरी मी.

हा गर्व नाही, अनुभव आहे. कोल्हापुरात गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, मागच्या बोळात माझं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, ‘तेजस्विनी यंत्रसफाई. बेवारस काही ठेवत नाही.’ हल्ली निम्म्या गावाच्या अंगात काही ना काही बसवलेलं असतं. कुणाच्या छातीत ठोके सांभाळणारं, कुणाच्या पोटाला साखरेचा पंप, कुणाच्या कानामागं ऐकायचं यंत्र. त्या प्रत्येकात नखाएवढा कॉम्प्युटर आणि त्यात लिनक्स. बसवणारे डॉक्टर मोठे, कंपन्या मोठ्या, जाहिराती तर त्याहून मोठ्या. पण कंपनी बुडाली, नवी आली, जुनं सॉफ्टवेअर काढून नवं घातलं, की मागं जो उकिरडा उरतो तो उपसायला यातलं कुणी येत नाही. तो मी उपसते.

लोकांना हा उकिरडा कळतच नाही. म्हणून एकदाच सांगते, नीट ऐका. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर पॅकेज म्हणून येतं. आलं की यंत्र आपल्या नोंदवहीत लिहून ठेवतं, ही फाइल अमक्या पॅकेजची, ती तमक्याची. पॅकेज काढा म्हटलं की वहीत जेवढं लिहिलंय तेवढं काढतं. पण सेटिंगच्या फाइली मुद्दाम ठेवतं. न जाणो, तुम्ही त्यात हातानं काही बदललं असेल, उद्या तेच सॉफ्टवेअर परत घातलंत तर लागेल. आणि तुमच्या घरच्या फोल्डरात, टिंबानं सुरू होणाऱ्या लपलेल्या नावांखाली जे काही साचलेलं असतं, त्याला तर ते हातच लावत नाही. पाहुणा गेला, पण त्याचा टॉवेल खुंटीला, ब्रश मोरीत आणि पानाची पिचकारी जिन्यात.

मागच्या उन्हाळ्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आले. साखरेच्या पंपातलं पथ्याचं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतःच काढलं होतं, मोठ्या अभिमानानं. पण त्याचा गजर मागंच राहिलेला. एका शोकसभेत हे मौन पाळून उभे, आणि पोटातून बाई विचारते, ‘सर, आज गोड किती खाल्लं?’ मला म्हणाले, “अहो, मी तर ते काढलं होतं!” म्हटलं, “गुरुजी, तुम्ही मुंडकं काढलंत. शेपूट वळवळतंय.”

माझी पद्धत सोपी. प्रत्येक फाइलीबद्दल नोंदवहीला विचारायचं, हिचा धनी कोण? पॅकेज सापडलं तर राहू दे. नाही सापडलं तर बेवारस. बेवारस पुसायची, आणि तिच्या जागेवर शून्यं लिहायची, म्हणजे ब्रह्मदेव आला तरी ती परत निघणार नाही. रुग्णाची माहिती असते, कायदाच तसा आहे. काही शहाणे म्हणतात, आधी एक कॉपी काढून ठेवावी. कचऱ्याची कॉपी! म्हणजे केर काढायचा आणि पिशवीत भरून उशाशी ठेवायचा.

आता माझ्या आईचं सांगते, कारण घोडं पेंड खातं ते तिथंच.

आई दागिने गाठवते. सोनार मणी करतो, वाट्या करतो, पण ते रेशमी धाग्यात ओवून, पीळ देऊन, गाठी मारून त्याचं मंगळसूत्र किंवा ठुशी करणारे हात वेगळे असतात. गुजरीत दादासाहेब सराफांच्या ओट्यावर पन्नास वर्षं तिची बैठक आहे. पायाच्या अंगठ्याला धागा अडकवते आणि हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात तो असा काही वळते की बघणाऱ्याला बोटं हललेली दिसतच नाहीत. शालनताईंचा पीळ म्हटलं की सांगली-बेळगावचे सराफसुद्धा मान डोलावतात. मलाही शिकवलं तिनं. बारावीपर्यंत शेजारी बसवलं. मी तेव्हाच ठरवलं होतं, आयुष्यात काय वाटेल ते करीन, पण दोरे वळणार नाही.

तिच्या दोन गोष्टी सगळ्या गुजरीला माहीत आहेत. एक, तिच्यासमोर ‘मंगळसूत्र तुटलं’ असं म्हणायचं नाही. ‘वाढलं’ म्हणायचं. आणि दुसरी, वाढलेलं मंगळसूत्र हातात घेतलं की त्या बाईला तसंच परत पाठवायचं नाही. बाई समोर बसते, गळ्यात तोवर हळकुंड बांधलेला दोरा, आणि आई गाठवूनच उठते. पन्नास वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी तिचा उजवा हात थरथरायला लागला. कंपवात. डॉक्टरांनी डोक्यात केसाएवढ्या तारा घातल्या, गळ्याच्या हाडाखाली काड्यापेटीएवढं यंत्र बसवलं आणि मनगटाला पट्टा दिला. पट्टा हाताची हालचाल मोजतो. कंपवाताची थरथर ठेक्यात असते, सेकंदाला चार ते सहा वेळा, आणि बोटं अशी हलतात की चिमटीत गोळी वळतेय असं वाटावं. पट्ट्याला तो ठेका दिसला की यंत्र मेंदूत बरोबर उलटा ठोका सोडतं आणि थरथर जिरते. त्या सॉफ्टवेअरचं नाव होतं ‘धीर’. ते बसवणाऱ्या केंद्रात संग्राम नोकरीला होता. संग्राम म्हणजे माझा नवरा. तेव्हाचा.

हा माणूस म्हणजे नुसता पसारा. चहा जिथं संपला तिथं कप. काम जिथं कंटाळा आला तिथं अर्धवट. कोडसुद्धा तसाच लिहायचा, हातानं, कुठंही, ना पॅकेज, ना टीप, ना कॉपी. विचारलं की, “उद्या करतो गं.” त्याचा उद्या पंचांगात कधी आलाच नाही. तीन वर्षांपूर्वी मी त्याला आयुष्यातून काढला. कुणी विचारलं की सांगायची, मुळासकट काढला, काही उरू दिलं नाही. आईनं विचारलं होतं, “मंगळसूत्राचं काय केलंस?” मी म्हटलं, “टाकून दिलं.”

तरी हा प्राणी दर गुरुवारी दुपारी ‘मामी, मामी’ करत आईकडं हजर. दोन कप चहा, चार बटर. मी आईला म्हणायची, “घटस्फोट माझाच झाला ना? की तुझा राहिलाय?”

“जावई माझ्या हाताचं बघायला येतात.”

“हाताचं नाही, चहाचं.”

गेल्या वर्षी ‘धीर’ची कंपनी बुडाली. केंद्रानं ते काढून ‘अचल’ नावाचं नवं सॉफ्टवेअर घातलं. संग्रामची नोकरी गेली, तो रंकाळ्याजवळ मिक्सर दुरुस्त करायला लागला. तिथंच शोभतो म्हटलं. आईचं काम मात्र सुरळीत चाललं होतं, फक्त एक झालं. यंत्राची बॅटरी दुपारी दोनलाच मान टाकायची, मग आई तास न् तास भिंतीला चिकटून चार्जिंग करत बसायची.

सोमवारी गुजरी बंद. तिला स्वयंपाकघरात खुर्चीत बसवलं, लॅपटॉप जोडला आणि यंत्र उघडलं. ती वाटाणे सोलत होती.

“संग्रामला विचार की आधी,” आई म्हणाली.

“का? त्यानं लिनक्स कोळून प्यायलंय?”

“त्यांनी माझ्यासाठी कायतरी करून ठेवलंय त्यात. मला नाव सांगता येत न्हाई.”

“तो कायतरी करून ठेवतो म्हणूनच माझा धंदा चालतो, आई. तू वाटाणे सोल.”

पहिल्या पाच मिनिटांत चोर सापडला. ‘धीर’चा एक गजर मागं राहिला होता. दर मिनिटाला उठायचा, ‘धीर’ला शोधायचा, सापडला नाही की ‘सापडला नाही’ असं लिहून झोपायचा. वर्षभर, दर मिनिटाला. पाच लाखांवर ओळी. बॅटरी तिथं चालली होती. केंद्रातल्या एका पदवीधराला हे दिसलं नाही. पुसला. मग जुन्या नोंदी, अर्धवट उतरलेलं एक अपडेट, तीन भाषांतल्या शुभेच्छा. सगळं बेवारस, सगळं पुसलं.

शेवटी आईच्या घरच्या फोल्डरात एक लपलेलं फोल्डर दिसलं. नाव ‘ठुशी’. आत एकच लांबलचक फाइल, हजारभर ओळी, प्रत्येक ओळीत आकडे आणि शेवटी ‘मा’ किंवा ‘त्या’. काय, कशाचं, एक अक्षर खुलासा नाही. करणाऱ्याचं नाव संग्राम. नोंदवहीला विचारलं, धनी कोण? कुणीच नाही.

मी मोठ्यानं हसले. “आई, तुझा जावई फोल्डरला दागिन्यांची नावं देतो. माझ्या गळ्यात कधी घातली नाही, इथं घातलीय बघ ठुशी.”

खोटं कशाला बोलू? बाकीच्या फाइली पुसताना मी बटण नुसतं दाबलं होतं. ही पुसताना जरा चवीनं दाबलं.

बॅटरी त्या दिवशी अंथरुणाला पाठ लागेपर्यंत टिकली. आईनं काठोकाठ भरलेला कप उचलला, चहावर तरंगसुद्धा उठला नाही. “बघ,” म्हटलं, “याला म्हणतात सफाई.” आईनं चहा दोनदा मागितला. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटत झोपले.

मंगळवारी अकराच्या सुमाराला दादासाहेब सराफांचा फोन आला. “तेजस्विनी, जरा ओट्यावर या. शालनताईंचं कायतरी बिनसलंय.”

गेले. अक्काताई चौगुले म्हणून साठीच्या एक बाई समोर बसल्या होत्या, गळ्यात हळकुंडाचा दोरा. ताटलीत त्यांचे काळे मणी आणि दोन वाट्या. आईच्या पायाच्या अंगठ्याला धागा. तिनं चिमटीत धागा धरला, वळला. एक वळसा, दोन वळसे, आणि बोटं थांबली. थरथरली नाहीत, थांबली. कुणीतरी पकडून धरावीत तशी. तिनं परत सुरुवात केली. दोन वळसे, थांबली. प्रत्येक वेळी पट्ट्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. थरथर पकडली, जिरवली. पकडली, जिरवली.

मला ते बटण चवीनं दाबलेलं आठवलं.

तासाभरानं आईनं अंगठ्याचा धागा सोडला. “अक्काताई, आज जमत न्हाई. मणी घेऊन जावा.”

“मी कुठं नेऊ? माझ्या आईचं पण तुम्हीच गाठवलंय,” अक्काताई म्हणाल्या. “तुमच्याकडंच राहू द्यात. मी हळकुंडावर थांबते.”

ओट्यावरून उठताना आईनं दादासाहेबांकडं बघितलं नाही. घरी येईपर्यंत माझ्याकडंही नाही. चपला काढताना म्हणाली, “काय केलंस?”

“एक फाइल पुसली.”

“आण परत.”

“येत नाही आई ती परत.”

“मग मी काय करू आता?” एवढंच बोलली आणि आत जाऊन पडली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, भर दुपारी आडवी झालेली मी कधी बघितली नव्हती.

‘अचल’च्या कंपनीला फोन लावला. एक गोड आवाजाची बाई म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे दिसतंय की रुग्णाची थरथर शून्यावर आहे. अभिनंदन.”

“थरथर शून्य, आणि काम पण शून्य! त्यांना धागा वळता येत नाही.”

“चमच्याने जेवणे, बटण लावणे, मोबाइल वापरणे या क्रिया आमच्या यादीत आहेत. धागा वळणे नाही.”

“मग घाला.”

“आपली सूचना आम्ही नोंदवून घेतली आहे.”

उंटावरून शेळ्या हाकणारी जमात. सेकंदाला पाच वळसे देणारी चिमूट आणि सेकंदाला पाच वेळा थरथरणारी चिमूट, यांत फरक असतो हे त्यांच्या गावीच नाही. पण खरं सांगायचं तर माझ्या तरी कुठं होतं?

शेवटी रंकाळ्यावर गेले. संग्रामचं दुकान म्हणजे त्याच्या कोडसारखंच, पाय ठेवायला जागा नाही. उघड्या मिक्सरवर अर्धा कप चहा. मी उभ्या उभ्या सांगितलं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, मला चिडता आलं असतं.

“सगळी पुसलीस?”

“शून्यं लिहून. तुझ्याकडं कॉपी असेल.”

“माझ्याकडं?” तो म्हणाला. “तेजू, तू मला ओळखतेस ना?”

मग त्यानं सांगितलं. यंत्र बसवलं तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं की ‘धीर’ मामींचा पीळसुद्धा आजार म्हणून दाबणार. म्हणून तो दर गुरुवारी यंत्र बंद करून बसायचा. आई धागा वळायची, पट्टा मोजायचा, आणि प्रत्येक हालचालीला हा विचारायचा, “मामी, हा कुणाचा?” ती सांगायची, “माझा,” किंवा आजाराकडं बोट दाखवल्यासारखं, “त्याचा.” ‘मा’ आणि ‘त्या’. दोन वर्षांत अकराशे ओळी झाल्या, तेव्हा यंत्राला बाई आणि आजार यांतला फरक कळायला लागला. तोवर ओट्यावर आई यंत्र बंद ठेवूनच गाठवायची. पुढं ‘अचल’ आलं, पण सुरू होताना ते जुन्या फोल्डरांत डोकावतं, सापडलं ते वाचतं. त्याला ‘ठुशी’ सापडली, म्हणून वर्षभर आईचं काम चाललं. नोकरी गेल्यावरही हा गुरुवारी यायचा तो एवढंच बघायला.

“एवढं केलंस तर नीट पॅकेज का नाही केलंस, गाढवा? नोंदवहीत नाव लागलं असतं, मी हात लावला नसता!”

“नाव कंपनीचं लागलं असतं. मग ‘धीर’बरोबर तेही निघून गेलं असतं.” त्यानं कपाकडं बघितलं, चहा गार झाला होता, तरी प्यायला. “मामींच्या बोटांचं होतं, म्हणून मामींच्या घरात ठेवलं. तिथं कुणी हात लावत नाही.”

“कुणी?”

“यंत्र तरी लावत नाही.”

मी खाली बसले. एका मिक्सरच्या भांड्यावर. नोंदवहीत फक्त पॅकेजनं आणलेलं लिहिलेलं असतं. माणसानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या घरात केलेलं तिथं कधीच नसतं. अकरा वर्षं मी त्याच वहीला विचारून लोकांच्या अंगातल्या फाइली पुसत आले होते. त्यांतल्या किती खरोखर केर होत्या? आता कुणाला विचारू? त्यांच्या जागी शून्यं आहेत. लाज वाटली मला, त्या पसाऱ्यात बसून, त्या माणसासमोर.

“परत कर,” मी म्हटलं. “दर गुरुवारी बस. चहा मी करते.”

“आता यंत्र बंद केलं तर मामींच्या हातात धागा राहत नाही. आजार पुढं गेलाय. आजाराचा ठेका मिळेल मला त्यांच्या हातातून, पिळाचा नाही मिळणार. पिळासाठी दुसरा हात पाहिजे. त्यांनी शिकवलेला.”

तो माझ्या हाताकडं बघत होता.

“नाही,” मी म्हटलं.

“बारावीपर्यंत बसली होतीस.”

“मला येत नाही.”

“येत नाही असं नाही. शिव्या खायची तयारी नाही.”

गुरुवारी बसले. माझ्या पायाच्या अंगठ्याला धागा, मनगटाला पट्टा, समोर आई, शेजारी हा आणि याचे बटर. पहिला धागा वळून दिला. आईनं दोन बोटांत धरला आणि सोडला, तो आपोआप उलगडला.

“हा पीळ व्हय? कणीक मळल्यागत?”

दुसरा दिला. “ह्यात धागा न्हाई, नुसता तुझा राग हाय.”

तिसरा, चौथा. चाळिसावा. आई संग्रामला म्हणाली, “सुंभ जळाला तरी पीळ जात न्हाई म्हणत्यात. हिचं बघा जावईबापू, आहे तो जात न्हाई आणि पाहिजे तो येत न्हाई.” आणि हा हसला. मी दोघांना बाहेर काढलं असतं, पण घर तिचं होतं.

तीन गुरुवार गेले. दर शुक्रवारी अक्काताई यायच्या, ओट्यावर दहा मिनिटं बसायच्या, काही न विचारता हळकुंडावर हात ठेवून जायच्या. हळकुंड सुरकुतलं, आईनं नवं बांधून दिलं. बांधताना तिचे डोळे भरले. ते मला दिसले, अक्काताईंना दिसले, सगळ्या ओट्याला दिसले.

संग्रामला काही जुळत नव्हतं. माझा ठेका आईच्या ठेक्याजवळ जाईना, यंत्र तो घेईना. “एका पेरात किती वळसे देता मामी?” त्यानं विचारलं.

“मोजून कोण देतंय? बोटं देत्यात.”

“तुमचा एखादा धागा उलगडून मोजता आला असता. पण सगळे लोकांच्या गळ्यात.”

आईनं माझ्याकडं बघितलं. “तुझं आण.”

“माझं काय?”

“मंगळसूत्र.”

“टाकून दिलं म्हणून सांगितलं ना तुला!”

“तेजू, पन्नास वर्षं बायकांची मंगळसूत्रं हाताळली मी. टाकून देणारी बाई मला कळती. जा, आण.”

संग्रामनं मान वर केली नाही. त्याचा बटर मात्र चहात मोडून पडला.

दुकानात गेले. मेलेल्या कंपन्यांच्या चार्जरांनी भरलेला एक खण आहे, त्याच्या तळाशी डबी होती. डबी घेऊन बाहेर पडताना पाटी वाचली. बेवारस काही ठेवत नाही म्हणे! लोकांच्या पोटातले गजर पुसत हिंडायची आणि स्वतःच्या खणात हे. दुसऱ्या कुणाच्या यंत्रात सापडलं असतं तर केवढी हसले असते मी.

आईनं मंगळसूत्र मांडीवर घेतलं. कात्री लावली नाही. हाताला जमत नव्हतं तरी सुईनं शेवटची गाठ स्वतः सोडवली, तिची तिनंच मारलेली, लग्नाच्या आदल्या दिवशी. मणी ताटलीत ओघळले. “वाढलं,” ती म्हणाली. नेहमीसारखं, मोठ्यानं, कुणाकडं न बघता.

कोर्टात सही करताना मला काही झालं नव्हतं. त्या एका शब्दानं मात्र रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला, आणि संग्राम तिथंच बसलेला होता म्हणून आणखी राग आला. त्यानं रुमाल पुढं केला. मळका. मी घेतला नाही.

भिंगाखाली बोटाच्या पेराएवढा धागा धरून मोजला. आईचे एका पेरात एकतीस वळसे. माझे चौदा.

आणखी सात गुरुवार लागले. वीस झाले, तेवीस झाले, बोटांची सालं निघाली, सव्विसावर मी अडकले. संग्राम म्हणाला, चालेल. आजाराचा ठेका आईच्या हातातून, पिळाचा माझ्या हातातून, असं करून त्यानं नवी फाइल बांधली. नाव पुन्हा ‘ठुशी’च. त्याला दुसरं सुचत नाही. तीन कॉपी मी काढल्या, फाइलीत पहिल्या ओळीला लिहिलं, ‘शालनताईंची आहे, पुसू नये.’ एक कॉपी त्यालाही दिली. हरवणार आहेच तो.

शुक्रवारी अक्काताई आल्या. आईनं अंगठ्याला धागा अडकवला, चिमटीत धरला, वळला. एक वळसा. दोन. पट्ट्यावरचा दिवा लागला नाही. तीन. दहा. दादासाहेब हातातलं काम टाकून उभे होते. आईची बोटं चालली होती, पण आता ती हललेली दिसत होती, जरा जड, जरा हट्टी. माझी चाल होती ती, यंत्र आता तेवढीच ओळखत होतं. आईची स्वतःची गेली ती गेलीच. ती मी पुसली, आणि आता ती फक्त बायकांच्या गळ्यांत उरलीय, मंगळसूत्रं वाढतील तशी संपणार.

एका तासाचं काम तीन तास चाललं. शेवटची गाठ मारून आईनं ते अक्काताईंच्या गळ्यात घातलं आणि हळकुंडाचा दोरा स्वतःच्या हातानं सोडला. अक्काताई तिच्या पाया पडल्या.

त्या गेल्यावर आई मला म्हणाली, “सव्वीस. माझ्या बोटांत तुझा आळस शिरलाय.” मग पदराखालची पुडी काढली. आत माझे मणी होते. वाट्या बाजूला ठेवलेल्या, नुसते काळे मणी नव्या धाग्यात ओवलेले. आदल्या दिवशी हात चालतो का बघायला तिनं ती माळ गाठवली होती.

“मी काय करू हिचं?” मी म्हटलं. “ही आता कुणाची आहे?”

“कुणाची न्हाई.”

“मग?”

“मग तुझी. एवढं कळंना व्हय? घाल. आणि गाठीकडं बघू नको, गाठ वाईट आलीय.”

मी घातली. गाठ खरंच वाईट आली होती. अगदी माझ्यासारखी.